जागा बदलणारा डाग

“सुमनबाई, तुम्ही एल आणि आर उलटे लावले.”

डॉक्टर घारपुरे हे इतक्या शांतपणे म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब ओरडले असते तर परवडलं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. शांत माणसाने चूक दाखवली की आपण उगाच चोरासारखे उभे राहतो.

समोर व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे काचेमागे ट्यूबलाइट असते त्या पेटीवर, दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले होते. दोन्ही एकाच मुलाच्या छातीचे. एक कालचा, एक आजचा. कालच्या फिल्ममध्ये उजव्या फुफ्फुसात, साधारण मध्यावर, लिंबाएवढा गोल पांढरा डाग होता. आजच्या फिल्ममध्ये तेवढाच डाग, तेवढ्याच उंचीवर, पण डाव्या फुफ्फुसात. उजवं फुफ्फुस एकदम साफ.

“डाग काही एका रात्रीत चालत जात नाही,” साहेब म्हणाले. “अक्षरंच चुकली असणार.”

ही अक्षरं म्हणजे शिशाचे दोन छोटे तुकडे. शिशातून एक्स-रे जात नाही, म्हणून ते फिल्मवर पांढरे उमटतात आणि डावी बाजू कुठली, उजवी कुठली, हे डॉक्टरला कळतं. ते उलटे लावणं हे आमच्या धंद्यातलं महापाप. मी एकवेळ वरणात मीठ विसरेन, पण एल-आर विसरणार नाही, हे मी साहेबांना तिथल्या तिथे ऐकवलं.

“आणि साहेब, अक्षरं राहू द्या बाजूला. हार्ट पाहा.”

माणसाचं हृदय डावीकडे झुकलेलं असतं. दोन्ही फिल्ममध्ये ते एलच्याच बाजूला होतं. म्हणजे अक्षरं बरोबर. मुलगा तोच, हृदय जागच्या जागी, आणि डाग तेवढा इकडून तिकडे गेलेला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फिल्मला नाक लावून पाहिलं. “हो,” म्हणाले. बस, तेवढंच. “मग हे आहे तरी काय?”

मला काय ठाऊक!

लकडगंजात लाकडाच्या वखारींच्या रांगेत साहेबांचं एक्स-रे क्लिनिक होतं. मी तिथे टेक्निशियन. गोष्ट सत्तरच्या दशकातली, मे महिन्यातली. नागपुरात तेव्हा एक्स-रे टेक्निशियन बाई म्हटलं की लोक दारातून डोकावून पाहून जायचे. आमची मशीन मात्र नवी कोरी, परदेशातून आलेली. साहेब तिच्यावर रोज स्वतःच्या हाताने फडकं मारत.

मुलाचं नाव प्रल्हाद. आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकलेला. एका सरकारी कारखान्यात त्याची निवड झाली होती, फक्त मेडिकल राहिलं होतं. छाती साफ असल्याचा रिपोर्ट शनिवारी दुपारपर्यंत पोचला नाही तर मागच्या नंबरच्या मुलाला बोलावणार होते. आणि हा शुक्रवार. त्या काळी छातीत डाग म्हटलं की लोक टीबीच समजायचे. नोकरी तर जायचीच, वर घरात कपबशी वेगळी व्हायची, बहिणीचं जमलेलं लग्न मोडायचं. प्रल्हादच्या बहिणीचं तर नुकतंच जमलं होतं.

सोबत त्याची आई होती, अनुसयाबाई. जवळच्याच वखारीत कामाला जायची. आदल्या दिवशी बोलता बोलता गावांची नावं निघाली, नातीगोती निघाली, आणि तिने हात जोडून “जयभीम बाई” म्हटलं. मीही म्हटलं. आमच्या दोन्ही घरांनी छप्पन साली एकाच मैदानावर दीक्षा घेतली होती. त्यानंतर ती मला परकी समजायला तयारच नव्हती, आणि तिच्याशी गोलमोल बोलणं मला फार जड जात होतं.

“बाई, खरं सांगजा,” तिने कालच मला दारात गाठून विचारलं होतं. “मह्या पोराले काय निघालं?”

“अजून काही निघालं नाही. उद्या परत एक फोटो काढू.”

“त्याले ना खोकला, ना ताप. सहा भाकरी खाते तो एका टायमाले. टीबीवाला सहा भाकरी खाते का, तुम्हीच सांगा!”

आज ती दोघं मायलेकं बाहेर बाकावर बसली होती. प्रल्हाद जमिनीकडे बघत होता. ती मात्र आमच्या बंद दाराकडे एकटक बघत होती.

“सुमनबाई,” साहेब म्हणाले, “डाग सरकतो कसा, ते मला समजत नाही. पण डाग आहे. त्यातून ही बारीक रेघ वर जाते, ती रक्तवाहिनी असू शकते. आत हे दोन काळे ठिपके, त्या पोकळ्या असू शकतात. न दिसल्यासारखं मी करू शकत नाही. उद्या त्याच्याबरोबर शंभर माणसं कारखान्यात काम करतील.”

“अनफिट लिहिणार?”

“नाही तर काय लिहू? डाग फिरायला गेला होता, असं लिहू?”

साहेबांचं चूक नव्हतं. म्हणूनच जास्त राग येत होता. भांडायचं तरी कोणाशी? मी म्हटलं, “संध्याकाळपर्यंत थांबा. मला शोधू द्या.”

“थांबतो. आणि तेवढं एक्स्पोजरकडे बघा. दोन्ही फिल्म खालून जरा काळपट आल्या आहेत.”

झालं! किरण किती सोडायचे हे माझ्याच हातात, म्हणजे ही वरून फोडणी.

आता लोकांना वाटतं की एक्स-रे म्हणजे फोटो. फोटो नाही तो, सावली आहे. लहानपणी कंदिलासमोर हात धरून भिंतीवर हरीण काढायचो, तसलीच. फक्त हा उजेड मांसातून आरपार जातो आणि हाडाशी अडतो. जिथे अडतो तिथे फिल्म पांढरी राहते, जिथे पोचतो तिथे काळी होते. म्हणजे पांढरा डाग दिसला, तर वाटेत कुठेतरी काहीतरी आडवं आलं आहे. ते आत आहे की बाहेर, एवढाच प्रश्न असतो.

बाहेरचं म्हणजे काय? ताईत, बटण, गळ्यातला गोफ, खिशातली तंबाखूची डबी. एकदा एका बाईच्या छातीत मला सेफ्टीपिन सापडली होती, ती पोलक्याची निघाली. पण प्रल्हादला मी उघडा उभा केला होता. गळ्यात साधा दोरासुद्धा नव्हता.

मग कॅसेट. फिल्म ज्या चपट्या पेटीत ठेवतात ती. तिच्यात पांढरे पडदे असतात, त्यांच्यावर कचरा बसला की फिल्मवर डाग उमटतो. हा आमच्याकडचा नेहमीचा गुन्हेगार. पण काल एक कॅसेट वापरली होती, आज दुसरी. मी दोन्ही उघडून उजेडात पाहिल्या. ठिपकासुद्धा नव्हता.

उरली डार्करूम. आणि डार्करूम म्हणजे बापूरावांचं राज्य. तिथे शिरायचं तर आधी दार वाजवायचं आणि आतून “या” आलं तरच आत जायचं, असा त्यांचा कायदा होता. साहेबही तो पाळत.

बापूराव पन्नाशीचे. तरुणपणी ते महालातल्या एका फोटो स्टुडिओत होते. तेव्हा निगेटिव्ह काचेची असायची आणि ती धुवायची तर पूर्ण अंधारात, बोटांनी चाचपून. तेव्हापासून त्यांना एक सवय जडली होती. डार्करूमचं दार लावलं की ते डोळे मिटून घेत. आमच्याकडे आत लाल बल्ब होता, तो चालतो, कारण एक्स-रेच्या फिल्मला लाल रंग दिसतच नाही. पण बापूरावांना त्याची गरज नव्हती. “उन्हातून आत आलं का डोळे तसेही कामाचे नसतात,” म्हणायचे. “उगाच फाडून काय पाहायचं? हाताले दिसते नं सगळं.” आणि खरंच त्यांचं काम इतकं नेटकं असायचं की कोणी कधी त्यांना हटकलं नाही.

मी दार वाजवून आत गेले.

“बापूराव, काल न आज त्या मुलाच्या फिल्मवर काही सांडलं होतं का?”

“काहून? काय झालं?”

“डाग आहे.”

“मह्या हातून डाग?” त्यांच्या मिशा थरथरल्या. “बाई, तुम्ही पाळण्यात होत्या, तेव्हापासून मी हेच काम करून राहिलो.”

“तुमचं वय नाही विचारलं मी. फिल्म कशी धुतली ते सांगा.”

“रोज धुतो तशीच! कॅसेटमधून काढली, हँगरले चिमटे लावले, खुंटीले टांगली, बरफ टाकला, बुडवली. आता काय नाचून दाखवू?”

बर्फाचं सांगते. डेव्हलपर, म्हणजे ज्या औषधात फिल्म बुडवतात ते, थंड असावं लागतं. मे महिन्यात नागपूरच्या नळाचं पाणी दुपारी हात पोळेल असं येतं. म्हणून दुपारच्या वेळी बापूराव फिल्म हँगरला अडकवून समोरच्या भिंतीवरच्या खुंटीला टांगत, टाकीभोवतीच्या पाण्यात बर्फ फोडून टाकत, ढवळत आणि मग फिल्म बुडवत. सकाळी ही भानगड नसायची. हे सगळं मला पाठ होतं. त्यात नवीन काहीच नव्हतं.

“काही सांडलं असतं तर ओघळ आला असता,” बापूराव आणखी तापून म्हणाले. “असा गोल गरगरीत लाडू आला असता का? फोकनाड गोष्टी!”

त्यांचंही खरंच होतं. ओघळ दोन दिवस एकाच उंचीवर, एकाच मापाचा येत नाही.

मी परत आले. भूक लागली होती, पंखा गरम हवा फेकत होता, घाम डोळ्यांत जात होता. साहेब क्लिनिकमागच्या आपल्या घरात जेवायला गेले होते. मी आजची फिल्म पुन्हा एकदा बघायला उचलली आणि रागाच्या भरात व्ह्यू बॉक्सवर खाडकन अडकवली. ती उलटी लागली. डोकं खाली, पोट वर.

आणि डाग माझ्याकडे बघून हसला.

माय वं! मी दोन पावलं मागे सरकले. मला वाटलं, ऊन लागलं. पण नाही. साहेबांच्या त्या दोन पोकळ्या म्हणजे दोन डोळे होते. त्यांच्या खाली एक वाकडी काळी रेघ होती, दात विचकल्यासारखी. आणि जी रक्तवाहिनी वर जात होती ती आता डोक्याखाली काठीसारखी उभी होती. कालची फिल्म उलटी लावली. तिच्यातही तोच चेहरा, फक्त आरशात पाहिल्यासारखा.

हा चेहरा मी कुठेतरी पाहिला होता. कुठे ते आठवेना. जिभेवर आलेलं नाव अडकावं तसं झालं. मी आधी पाणी प्यायचं ठरवलं. आमचा माठ बाहेर ओसरीवर असायचा. ग्लास बुडवला, तोंडाला लावला, मान वर केली, आणि पाणी नाकात गेलं.

रस्त्याच्या पलीकडे एका वखारवाल्या शेठजींचा तीन मजली बंगला बांधून होत होता. लाल विटा, बांबूची परांची. आणि सगळ्यात वर, आभाळात एका बांबूवर, काळं मडकं उपडं घातलेलं होतं. चुन्याने डोळे काढलेले, दात काढलेले. बांधकामाला कोणाची नजर लागू नये म्हणून लावतात ते. ते माझ्याकडे बघून तसंच हसत होतं.

मडकं रस्त्यापलीकडे. फिल्म आमच्या क्लिनिकमध्ये. मग ते प्रल्हादच्या छातीत गेलं कसं?

अनुसयाबाईने मला खोकताना पाहिलं. “बाई, काय झालं वं?”

“काही नाही. बसून राहा. उठू नका इथून,” मी म्हटलं आणि धावतच आत गेले. बापूरावांचा कायदा मोडून दार न वाजवताच डार्करूममध्ये शिरले. बापूराव जेवायला बसले होते मागच्या अंगणात. मी आतून दार लावलं. लाल बल्बही लावला नाही.

आधी काही दिसेना. मग हळूहळू दिसू लागलं. खिडकीच्या फळीत एक भोक होतं. करंगळीही जाणार नाही एवढं, उजेडाचा एक टिपका. आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर अख्खा बंगला उलटा लटकत होता. रंगीत! लाल विटा, बांबू, खाली निळं आभाळ. परांचीवरून मजूर बाया डोक्यावर घमेलं घेऊन चालत होत्या. त्यांचे पाय छताकडे, घमेली जमिनीकडे, आणि आवाज काही नाही. आणि बापूरावांच्या खुंटीच्या खाली, मोठी फिल्म टांगली तर जिथे तिचा मध्य येईल तिथेच, थोडं एका बाजूला, ते मडकं उलटं लोंबत होतं. गरम वाऱ्याने बांबू हलला की तेही डुलायचं.

मी किती वेळ बघत राहिले, देव जाणे. मग मला एवढं हसू फुटलं की दार उघडून ओरडले, “बापूराव! आधी इकडे या. आणि डोळे उघडे ठेवून या!”

ते उष्ट्या हाताने आले. मी दार लावलं.

“अरे बाप्पा,” ते हळूच म्हणाले. “बाई, हा तर कॅमेरा झाला. आमच्या स्टुडिओत मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर असंच उलटं माणूस दिसे. आपण कॅमेऱ्याच्या पोटात उभे आहो.”

“आणि तुम्ही दोन दिवसांपासून त्या पोटात फिल्म टांगून राहिले.”

“हे भोक कुठून आलं पण?”

ते आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. डार्करूमची रस्त्याकडची खिडकी फळी ठोकून, काळा रंग मारून बंद केलेली होती. उन्हाळ्यात तिच्यावर बाहेरून वाळ्याची ताटी लावायचो, औषधं थंड राहावीत म्हणून. ती एका जाड खिळ्याला अडकवलेली असे आणि तो खिळा फळीच्या आरपार गेलेला होता. वाळा सडला म्हणून बुधवारी संध्याकाळी ताटी भरायला दिली. नेणाऱ्याने ताटी ओढली, खिळाही सोबत गेला. खिळ्याचं भोक उघडं पडलं. बापूरावांशिवाय आत कोणी जायचं नाही, आणि बापूराव आत गेले की डोळे मिटायचे. मग दिसणार कोणाला?

साहेब हात पुसतच आले. मी त्यांना काही सांगितलं नाही. फक्त डार्करूममध्ये उभं केलं आणि दार लावलं. एवढा गंभीर माणूस, पण भिंतीवर उलट्या बाया चालताना पाहून “अहाहा!” म्हणाला. मग म्हणाले, “लहानपणी दुपारी झोपवायचे ना आम्हाला दारं लावून, तेव्हा दाराच्या फटीतून असाच रस्ता दिसायचा भिंतीवर. टांगे उलटे जायचे. मी झोपायचोच नाही.”

“साहेब, टांगे राहू द्या. मडकं पाहा.”

त्यांनी पाहिलं. मग ते खुंटीकडे गेले, हाताने फिल्मचं माप धरलं आणि सगळं त्यांनीच भराभर उलगडलं. आभाळ सगळ्यात उजळ, ते फिल्मच्या खालच्या भागावर पडलं, म्हणून खालचा भाग काळपट. म्हणजे माझ्या एक्स्पोजरचा काही दोष नव्हता, हे मी मध्येच नोंदवून घेतलं. मडकं काळं आणि बांबू आभाळासमोर, म्हणून तेवढी जागा पांढरी राहिली. चुन्याचे डोळे-दात उजळ, म्हणून ते काळे उमटले. बंगला लाल विटांचा, आणि लाल तर फिल्मला दिसत नाही, म्हणून बंगला गायब. फिल्मच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, त्यामुळे काल ती एका तोंडाने टांगली गेली, आज दुसऱ्या. म्हणून डाग उजवीकडून डावीकडे गेला. हातापायाच्या फिल्म लहान, त्या मडक्यापर्यंत पोचतच नव्हत्या.

“बाकीचे पेशंट?” साहेबांनी एकदम विचारलं.

मी त्या दोन दिवसांतल्या सगळ्या फिल्म काढून पाहिल्या. छातीचे बाकी एक्स-रे सकाळचे होते, बर्फाच्या आधीचे, खुंटीला न टांगलेले. एका आजीच्या गुडघ्याखाली तेवढी पुसट काळपट पट्टी होती. तिचं दुखणं संधिवाताचं होतं, पट्टीने त्यात काही भर पडली नव्हती. तरी साहेबांनी तिला फुकट दुसरा काढून द्यायला सांगितलं.

“आता प्रल्हादचा तिसरा काढा,” ते म्हणाले.

भोक कशाने बुजवायचं? बापूराव लांबी, म्हणजे खिडक्यांच्या काचा बसवायचा लगदा, आणायला निघाले, पण ती सुकायला वेळ लागणार. कापूस लावला तर उजेड झिरपतो. शेवटी साहेब म्हणाले, “मी अंगठा लावून उभा राहतो.”

आणि ते खरंच राहिले. मी प्रल्हादला उभं केलं, “श्वास घे, धरून ठेव” म्हटलं, बटण दाबलं. कॅसेट आत दिली. आतून बापूरावांचा आवाज येत होता, “साहेब, अंगठा हलवू नका जी. फिल्म टांगून राहिलो... अजून नाही... आता बरफ...” आणि साहेबांचा, “बापूराव, लवकर करा हो. हात भरून आला.” नागपुरातले मोठे डॉक्टर, परदेशी मशीनचे मालक, एका खिळ्याच्या भोकाला अंगठा लावून अंधारात उभे! बाहेर मी मात्र दारासमोर येरझारा घालत होते. मडक्याच्या मागे खरोखरचा एखादा डाग लपलेला असला तर?

फिल्म ओलीच बाहेर आली. साहेबांनी ती ठिबकत्या पाण्यासकट खिडकीच्या उजेडात धरली. डावं फुफ्फुस पाहिलं. उजवं पाहिलं. उलटी करून पाहिली. तिरपी करून पाहिली.

“काच आहे, काच,” म्हणाले. “इतकी साफ छाती माझी पण नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच स्टुलावर बसले आणि पदराने तोंड पुसलं. खरं सांगते, डोळेही पुसले. बापूराव भिंतीकडे तोंड करून उगाच हँगर मोजत होते.

मग आम्ही अनुसयाबाईला आत बोलावलं. साहेबांनी तिला समजावून सांगितलं की काल-आज जो डाग दिसला तो आजाराचा नव्हता, समोरच्या बांधकामावरच्या मडक्याचा होता. ती ऐकत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“बाई, हे काय म्हणून राहिले? मले समजलं नाही.”

“तुमच्या पोराला काही झालं नाही. नोकरी पक्की समजा.”

ती मटकन खाली बसली. रडली, हसली, आणि मग तिला राग आला. अंगठा चोळत उभ्या असलेल्या साहेबांना ती म्हणाली, “एवढी मोठी मशीन तुमची, न बाहेरचं मडकं मह्या पोराच्या छातीत दाखवते? दोन दिवस मह्या घशाखाली घास नाही उतरला. आम्ही तर नजर-बिजर काही मानत नाही जी. तो शेठ मानते, मडकं तो बांधते, न लागते मह्या पोराले!”

साहेब खाली मान घालून म्हणाले, “चुकलं बाई.” दुपारी माझ्या वाट्याला न आलेली माफी तिला मिळाली. मी ती अर्धी माझी समजले.

प्रल्हाद आईच्या मागे दारापाशी उभा होता. सगळं ऐकून त्याने विचारलं, “मले पाहता येईल का?” त्याला डार्करूममध्ये नेलं. तो भिंतीजवळ जाऊन त्या उलट्या मडक्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने भोकाकडे पाहिलं, बोटाचं टोक लावून त्याचं माप घेतलं आणि बाहेर आला. रिपोर्ट घेऊन मायलेकं गेली. अनुसयाबाई रस्ता ओलांडताना मध्येच थांबली, वर मडक्याकडे बघून हात नाचवत काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. फुलं नक्कीच वाहिली नसणार.

बापूरावांनी भोकात लांबी भरली. त्यानंतर ते डोळे उघडे ठेवून काम करू लागले आणि आठ दिवस कुरकुर करत राहिले की डोळे उघडले की बोटांना काही दिसत नाही.

पावसाळा लागता लागता प्रल्हाद आला. कारखान्याचे कपडे, पेढ्यांचा पुडा. पुड्यासोबत रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. लेथवर घडवलेलं पितळेचं बूच. एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला धरायला छोटी मूठ. “सुट्टीत बसून केलं,” म्हणाला. “लांबी निघून जाईल बाई. हे नाही निघत.” बापूरावांनी लांबी कोरून काढली आणि बूच बसवलं. एवढं चपखल बसलं की बापूराव खिडकीला डोळे लावून उजेड शोधत राहिले, सापडला नाही.

पण काढायचं म्हटलं तर मुठीने फिरवलं की ते सहज निघायचं. त्याचा आम्ही पुढे उपयोग केला. दुपारी काम नसलं की सगळ्या फिल्म डब्यात बंद करायच्या, बूच काढायचं आणि मी आणि बापूरावांनी भिंतीसमोर बसून डबा खायचा. साहेबही यायचे. बंगला पूर्ण झाला, मडकं उतरलं, गच्चीवर शेठजींच्या सुना उलट्या पापड वाळवू लागल्या. तिकडे दुसऱ्या खोलीत परदेशी मशीन फडक्याखाली झाकलेली असायची, आणि आम्ही इकडे खिळ्याच्या भोकाचा सिनेमा बघत बसायचो.

पुढे मी मुलांना हे काम शिकवलं. ती यंत्रांबद्दल खूप विचारायची. त्यांना मी एवढंच सांगायचे की मशीन कितीही नवी आणा, आत अंधार असतो आणि कुठून तरी उजेड येतो, हे जुनंच राहतं. तो कुठून येतो हे माहीत नसेल तर कोणाच्या छातीबद्दल काही लिहू नका. आणि डाग दिसला तर आधी फिल्म उलटी धरून बघा. बहुतेक वेळा काही दिसणार नाही. पण हसलं, तर पेशंटला घरी पाठवू नका, बाहेर जाऊन समोरचं घर बघून या.